आदि, चय आणि पडणारा दगड

अकरावीतला भाचा मध्यंतरी एक गणित घेऊन आला. कड्यावरून नुसता सोडलेला दगड ३ सेकंदांत किती खाली येईल? सूत्र लिहिता लिहिता तो म्हणाला, "मामा, हे भास्कराचार्यांनी न्यूटनच्या आधीच काढलं होतं ना? तुम्हीच भाषणात सांगता." मी सांगत असे, हे खरे. त्या रात्री पुन्हा ग्रंथ उघडले.

भास्कराचार्यांचा 'सिद्धांतशिरोमणी' इ. स. ११५०चा. त्यातील गोलाध्याय सांगतो की, पृथ्वीच्या अंगी आकर्षणशक्ती आहे. आकाशातील जड वस्तू ती आपल्याकडे ओढते आणि आपल्याला ती पडल्यासारखी दिसते. मात्र तिथला मूळ प्रश्न दगडाचा नाही. निराधार पृथ्वी स्वतः का पडत नाही, हा आहे. वस्तू किती वेळात किती पडते, याचा हिशेब तिथे नाही.

तो हिशेब गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडला. सारख्या कालखंडांत पडलेली अंतरे १, ३, ५, ७ या प्रमाणात वाढतात. हवेचा अडथळा सोडला तर आपला दगड पहिल्या सेकंदात ४.९ मीटर पडतो, दुसऱ्यात १४.७ आणि तिसऱ्यात २४.५. एकूण ४४.१ मीटर.

आता त्याच सिद्धांतशिरोमणीतील 'लीलावती' पाहा. शत्रूचे हत्ती हस्तगत करायला निघालेला एक राजा पहिल्या दिवशी २ योजने चालतो, पुढे रोज सारखीच वाढ करतो आणि ७ दिवसांत ८० योजने गाठतो. रोजची वाढ किती? उत्तर २२/७ योजने. पहिले पद 'आदि', वाढ 'चय', पदसंख्या 'गच्छ', बेरीज 'सर्वधन'. दगडाचा आदि ४.९, चय ९.८, गच्छ ३. त्याच रीतीने सर्वधन ४४.१ येते!

म्हणजे आकर्षणाचा विचार गोलाध्यायात, वाढत्या चालीचे गणित लीलावतीत. दोन्ही एकाच लेखणीचे; पण राजाची चाल पडत्या दगडाला लावलेली तिथे आढळत नाही. त्यासाठी पडणे मोजावे लागते. गॅलिलिओने उतरत्या पन्हळीवरून गोळा सोडला आणि भांड्यातून गळलेले पाणी तोलून वेळ मोजला.

चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखावरून कळते की, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता आणि आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्याने मठ स्थापला. याच सिंघणाने शिलाहार भोजाकडून आपला पन्हाळा घेतला. हे ग्रंथ ज्या राज्यात शिकवले जात, त्याच राज्यात पन्हाळ्याचे उंच कडेही आले.

भास्कराचार्यांना न्यूटनच्या आधी उभे केल्याने त्यांची थोरवी वाढत नाही. त्यांनी खरोखर काय केले ते मात्र झाकले जाते. मी भाषणातले ते वाक्य खोडले. भाच्याने वहीत सूत्राने उत्तर काढले आणि त्याखाली आदि, चय, गच्छ मांडून पडताळा घेतला.