गोव्यातील सत्तांतर आणि फुटबॉल साखळी स्पर्धा

गोव्यातील अव्वल फुटबॉल साखळी स्पर्धा पोर्तुगीज राजवटीत १९५१ साली सुरू झाली. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाल्यावर ती भारतीय फुटबॉलच्या रचनेत सामावली गेली. सत्तांतरामुळे स्पर्धा बंद पडली नाही. मात्र तिचा दर्जा आणि खेळाडूंच्या पुढील वाटचालीची दिशा बदलली.

पोर्तुगीज काळ

विल्यम रॉबर्ट लायन्स या धर्मगुरूंनी १८८३ मध्ये शिवोली येथे फुटबॉल रुजवला, असे मानले जाते. भारत स्वतंत्र झाल्यानंतर सालाझार राजवटीने गोव्याचे पोर्तुगालशी असलेले नाते ठसवण्यासाठी या खेळाचा उपयोग केला. १९५५ मध्ये मोझांबिकमधील फेरोव्हियारिओ आणि १९६० मध्ये लिस्बनमधील बेनफिका हे संघ गोव्यात खेळले. डिसेंबर १९५९ मध्ये गोवा फुटबॉल संघटना स्थापन झाली.

या काळात भारताकडून खेळण्याचा मार्ग गोव्यातून नव्हे, तर मुंबईतून जात असे. मूळचे आसगावचे नेव्हिल डिसोझा मुंबईत टाटा संघाकडून खेळले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले. कोलवाळचे फॉर्च्युनातो फ्रँको १९६२ च्या आशियाई स्पर्धेतील सुवर्णपदक विजेत्या भारतीय संघात होते. तेही मुंबईतच नावारूपास आले.

मुक्तीनंतर

गोव्याची संघटना अखिल भारतीय फुटबॉल महासंघाशी संलग्न झाली व गोव्याचा संघ संतोष करंडक स्पर्धेत उतरू लागला. साळगावकर, सेझा गोवा व धेंपो या खाण उद्योगाशी निगडित संघांमुळे खेळाडूंना गोव्यातच रोजगार मिळू लागला. गोव्याने १९८२-८३ मध्ये बंगालसह संयुक्तपणे आणि १९८३-८४ मध्ये एकट्याने संतोष करंडक जिंकला. १९९८-९९ मध्ये साळगावकर हा राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकणारा गोव्याचा पहिला संघ ठरला.

तुलना

१९३८ मध्ये नाझी जर्मनीने ऑस्ट्रिया ताब्यात घेतल्यावर तेथील व्यावसायिक फुटबॉल रद्द झाले आणि देशाची सर्वोच्च स्पर्धा जर्मन अजिंक्यपदाची प्रादेशिक पायरी बनली. १९४१ मध्ये व्हिएन्नाचा रॅपिड संघ जर्मन विजेता ठरला. १९४५ नंतर ऑस्ट्रियाची स्पर्धा पुन्हा स्वतंत्र झाली. गोव्याची स्पर्धाही मोठ्या रचनेची पायरी बनली. परंतु तेथील खेळाडूंना राष्ट्रीय संघात पोहोचण्यासाठी गोवा सोडण्याची गरज उरली नाही.