पिंग : "आहेस का?" विचारणाऱ्या प्रोग्रॅमची गोष्ट

वायफायचं चिन्ह फुल दिसतंय, पण व्हिडिओ नुसता गोल गोल फिरतोय. अशा वेळी घराघरात एकच फर्मान सुटतं, "राउटर बंद करून परत चालू कर." कधी कधी जमतंही. पण बिघाड नेमका कुठे होता, हे काही त्यातून कळत नाही. तो शोधायला इंजिनिअर आजही जे हत्यार आधी काढतात, त्याची गोष्ट आज सांगतो. नाव पिंग. गेम खेळणाऱ्यांना तर "भाई, पिंग हाय आहे" हे रोजचंच!

डिसेंबर १९८३. अमेरिकेत मेरीलँडमधल्या अ‍ॅबर्डीनला लष्कराची बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरी होती. माइक मूस हा पंचविशीतला प्रोग्रॅमर तिथे काम करायचा. एक दिवस लॅबचं नेटवर्क विचित्र वागायला लागलं. मूसला डेव्हिड मिल्स यांचं त्याच वर्षीचं बोलणं आठवलं. इंटरनेटच्या नियमांत १९८१ पासून 'एको' नावाचा निरोप होता. एका मशीनने तो पाठवायचा, दुसऱ्याने तसाच परत करायचा. जाऊन यायला लागलेला वेळ मोजला, की रस्त्याची हालत कळते.

मूसने एका रात्रीत साधारण हजार ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. कॉलेजात त्याने सोनारवर काम केलं होतं. पाणबुडी पाण्यात आवाज सोडते आणि प्रतिध्वनीवरून समोर काय आहे ते ओळखते, तोच हा प्रकार. म्हणून नाव त्या आवाजाचं : पिंग. गंमत म्हणजे त्याचा पहिला पिंग सुटायच्या आधीच एका सहकाऱ्याने हार्डवेअरचा बिघाड दुरुस्त केला होता! पण प्रोग्रॅम जगभर पसरला.

मूसने पुढे एक किस्सा लिहून ठेवलाय, माझा एकदम आवडता. एका ऑफिसचं नेटवर्क मधूनच तुटायचं. तिथल्या माणसाने पिंगला बोलणारा प्रोग्रॅम जोडला आणि स्टिरिओचा आवाज फुल केला. कॉम्प्युटर दर सेकंदाला ओरडतोय, "पिंग, पिंग, पिंग", आणि हा पठ्ठ्या इमारतभर फिरून एकेक कनेक्टर हलवून बघतोय. जिथे हात लावल्यावर आवाज थांबला, तिथे बिघाड.

आपल्या घरातही हेच करायचंय, स्टिरिओ सोडून. पिंगची फुकट अ‍ॅप्स मिळतात. आधी स्वतःच्या राउटरला पिंग करा. त्याचा पत्ता वायफाय सेटिंगमध्ये 'गेटवे' म्हणून दिसतो, बहुतेक १९२.१६८ ने सुरू होणारा. उत्तर काही मिलिसेकंदांत, न चुकता येतंय? मग वायफाय ठीक आहे. पण एकदा ५, एकदा ४००, मध्येच गायब, असं असेल तर गडबड घरातच : जाड भिंत, शेजाऱ्यांचे राउटर, नाहीतर २.४ गिगाहर्ट्झवरच चालणारा मायक्रोवेव्ह. इथे कंपनीला फोन करून भांडण्यात अर्थ नाही. राउटर हलवा किंवा ५ गिगाहर्ट्झवर या.

राउटर बरोबर बोलतोय? मग ८.८.८.८ ला पिंग करा, हा गूगलचा पत्ता. तिथून काहीच आलं नाही, तर बहुधा बाहेरची लाइन गेलीय. आकड्यांच्या पत्त्याला उत्तर येतं, पण साइटचं नाव टाकलं की काही सापडत नाही? मग नावावरून पत्ता शोधणारी यंत्रणा, म्हणजे डीएनएस, अडकलीय. फोनमध्ये दुसरा डीएनएस टाकला की बरेचदा काम होतं. (काही राउटर आणि सर्व्हर मुद्दाम पिंगला उत्तर देत नाहीत, तेवढं ध्यानात असू द्या.)

आणि ते फुल दिसणारं चिन्ह? ते फक्त फोन ते राउटर एवढंच सांगतं. राउटरच्या पलीकडचं त्याला काहीच माहीत नसतं. कस्टमर केअरवाला "लाइट कुठला लागलाय?" विचारतो ना, तेव्हा हे तीन निकाल त्याच्यापुढे ठेवा, बोलणं पटकन मुद्द्यावर येतं.

माइक मूस २००० मध्ये कार अपघातात गेला. पिंग हेच आपलं सगळ्यात गाजलेलं काम ठरणार हे माहीत असतं, तर त्यावर अजून एक-दोन दिवस घालवले असते, असं त्याने लिहून ठेवलंय.

पुढच्या भागात पिंगचा धाकटा भाऊ, ट्रेसराउट. भेटूच!