अँटिबायोटिक नव्हती, तेव्हाचं ड्रेसिंग

मधुमेही पेशंटच्या पायाच्या जखमेचं ड्रेसिंग घरी करायला सांगितलं की मुलगी किंवा सून हमखास विचारते, "डॉक्टर, मला जमेल का?" तेव्हा मला पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटनमधल्या मुली आठवतात.

तिथल्या युद्धखात्याने १९०९ मध्ये स्वयंसेवी मदत पथकांची योजना सुरू केली. त्यांतल्या स्त्रियांना ‘व्हीएडी’ म्हणत. शिक्षण काय, तर प्रथमोपचार आणि घरगुती शुश्रूषेचा छोटासा अभ्यासक्रम! १९१४ मध्ये युद्ध पेटलं आणि शाळा, टाउन हॉल, श्रीमंतांच्या हवेल्या यांची रुग्णालयं झाली. घरी नोकरचाकर असलेल्या कितीतरी मुली तिथे फरशी पुसू लागल्या, बेडपॅन धुऊ लागल्या. व्हेरा ब्रिटन ऑक्सफर्डचं शिक्षण अर्धवट सोडून १९१५ मध्ये या कामाला लागली. अगाथा ख्रिस्ती टॉर्कीच्या रुग्णालयात आधी वॉर्डात होती, मग औषधं बनवण्याच्या विभागात. तिच्या कादंबऱ्यांतलं विषांचं ज्ञान तिथलंच.

प्रशिक्षित परिचारिका मात्र नाराज होत्या. तीन वर्षं शिकून आलेल्यांच्या शेजारी काही आठवड्यांची शिकाऊ मुलगी तसाच गणवेश घालून उभी! मला त्यांची तक्रार रास्त वाटते. सरकारी नोंदणीची त्यांची जुनी मागणी १९१९ मध्ये मान्य झाली.

आता जखमांबद्दल. फ्रान्स-बेल्जियमची शेतजमीन खतावलेली. त्या मातीतून धनुर्वात आणि गॅस गँगरीनचे जंतू थेट जखमेत जात. पेनिसिलिनचा शोध १९२८ चा. मग उपाय काय? सर्जनने मेलेला भाग कापून काढायचा आणि रबरी नळ्यांतून दर दोन तासांनी डाकिनचं द्रावण सोडायचं. हे सोडियम हायपोक्लोराइटचं सौम्य, अर्धा टक्का द्रावण. (घरातलं ब्लीच जखमेवर अजिबात ओतू नका!) भोवतीची त्वचा भाजू नये म्हणून व्हॅसलीनची पट्टी लावत. रात्रंदिवस हे करायला माणसं लागत, आणि तिथे या मुली कामी आल्या.

कापूस कमी पडू लागला, तेव्हा स्कॉटलंड आणि डार्टमूरच्या दलदलीतून स्फॅग्नम शेवाळ गोळा केलं गेलं. तेही बहुतेक स्वयंसेवकांनीच निवडलं, वाळवलं आणि पिशव्यांत भरलं. ते स्वतःच्या वजनाच्या वीसपटीपर्यंत द्रव शोषतं, शिवाय आम्लधर्मी असल्याने जंतूंना मानवत नाही.

या कामाची किंमतही होती. बोटाला सुई टोचली किंवा छोटी चीर पडली, की जखमेतला पू तिथे शिरे आणि बोट सुजून ठणकू लागे. तेव्हा हा धोका किरकोळ नव्हता. म्हणून "जमेल का?" विचारणाऱ्या मुलीला मी पट्टी बांधणं नंतर दाखवतो, आधी हात धुणं आणि हातमोजे घालणं.