उशिरा लागलेला निकाल

जी. के. वॉरन मुळात आपल्यासारखाच इंजिनियर. १८५० साली वेस्ट पॉइंटमधून बाहेर पडला आणि नकाशे काढू लागला. मग अमेरिकेतली यादवी. २ जुलै १८६३, गेटिसबर्ग. लिटल राउंड टॉप ही मोक्याची टेकडी जवळजवळ मोकळीच आहे हे यानेच हेरलं, धावपळ करून तिथे फौज आणवली, आणि उत्तरेची डावी बाजू वाचली.

१ एप्रिल १८६५ ला फाइव्ह फोर्क्सची लढाई जिंकली आणि त्याच संध्याकाळी शेरिडनने याला हुद्द्यावरून काढलं! बिचारा चौकशी मागत राहिला. मिळाली १८७९ मध्ये. निकाल बराचसा त्याच्याच बाजूने.. पण जाहीर झाला नोव्हेंबर १८८२ मध्ये. वॉरन ऑगस्टमध्येच गेला होता. 'मला गणवेशात पुरू नका' असं सांगून.