कागोशिमाहून गोव्यास लिहिलेले पत्र

जपानी लोकांच्या दैनंदिन जीवनाविषयी युरोपीयांनी लिहिलेल्या आरंभीच्या वृत्तान्तांत फ्रान्सिस झेवियर या जेझुइट धर्मोपदेशकाच्या पत्राला मोठे स्थान आहे. ५ नोव्हेंबर १५४९ रोजी कागोशिमाहून लिहिलेले हे पत्र गोव्यातील त्याच्या सहकाऱ्यांना उद्देशून होते. ख्रिस्ती मिशनचा कागद म्हणून बौद्ध इतिहासाच्या अभ्यासकांनी ते बाजूला ठेवू नये, असे आम्हांस वाटते.

झेवियर १५ ऑगस्ट १५४९ रोजी कागोशिमास उतरला. म्हणजे पत्र लिहिताना त्याला तेथे तीन महिनेही झाले नव्हते. त्याला भाषा येत नव्हती. लोक आपल्याविषयी बोलतात आणि आपण पुतळ्यासारखे मुके राहतो, अशी कबुली तो स्वतःच देतो. त्याचा सारा भरवसा अंजिरो या कागोशिमाच्याच रहिवाशावर होता. १५४७ मध्ये मलाक्का येथे दोघांची भेट झाली व १५४८ मध्ये गोव्यात अंजिरोने बाप्तिस्मा घेतला.

तरीही झेवियरची दृष्टी तीक्ष्ण होती. येथील लोकांना संपत्तीपेक्षा मान प्रिय आहे, दारिद्र्याची त्यांना लाज वाटत नाही, ते जुगार खेळत नाहीत, पुष्कळांना लिहितावाचता येते, असे तो नोंदवितो. चौदा वर्षांची मुलेही तलवार बाळगतात, हे पाहून तो चकित झालेला दिसतो. आहाराचे वर्णन मात्र विशेष लक्षणीय आहे. लोक पाळलेली जनावरे मारीत नाहीत व खात नाहीत. भात, गहू, भाजीपाला, थोडी फळे आणि क्वचित मासळी एवढ्यावर त्यांचे भागते. तरी ते निरोगी असून वृद्धांची संख्या मोठी आहे, असे तो लिहितो. मद्य मात्र ते बरेच घेतात, हेही तो सांगून टाकतो.

मानवी देहाला थोडक्यात भागविता येते, एवढाच बोध झेवियरने यातून घेतला. या संयमामागील परंपरा त्याने विचारात घेतली नाही. इ. स. ६७५ मध्ये सम्राट तेम्मू याने गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड व कोंबडी यांचे मांस वर्षातील ठराविक महिन्यांत खाण्यास बंदी केली होती. प्राणिहिंसेपासून विरत राहण्याचे शील पुढे शतकानुशतके लोकांच्या स्वयंपाकघरात रुजत गेले. शिकार पूर्णपणे थांबली असे नव्हे. हरीण, रानडुक्कर खाल्ले जाईच. म्हणूनच 'पाळलेली जनावरे' हे झेवियरचे शब्द नेमके ठरतात. त्याने फळ पाहिले, झाड ओळखले नाही.

हीच गोष्ट विचारांच्या बाबतीतही घडली. फुकुशोजी या सोतो झेन विहाराचे वयोवृद्ध प्रमुख निन्शित्सू यांच्याशी त्याचा स्नेह जडला. आत्मा अमर आहे की नाही, या प्रश्नाला ते कधी होकार, कधी नकार देत. झेवियरला ती संशयी वृत्ती वाटली. अनात्मवाद जाणणाऱ्या वाचकांना तिच्यात वेगळे काही दिसेल.

जपानी लोकांनी तरी या पाहुण्यास काय ओळखले? तो तेन्जिकूहून, म्हणजे बुद्धाच्या भारतभूमीहून आला होता. अंजिरोच्या सल्ल्याने तो ईश्वरास 'दाइनिची', म्हणजे महावैरोचन बुद्ध, म्हणत असे. १५५१ मध्ये चूक उमगल्यावर त्याने तो शब्द टाकला. तरीही १५५२ मध्ये यामागुचीचा अधिपती ओउची योशिनागा याने जेझुइटांना विहारासाठी जागा दिली, तेव्हा पश्चिमेकडील हे भिक्खू बुद्धधर्माच्या प्रसारार्थ आले आहेत, असेच दानपत्रात नमूद केले.