सहा पानं, पन्नास रुग्ण

माझी एक शाळेतली मैत्रीण मानसोपचारात एमडी करतेय. गेल्या पावसाळ्यात मुलुंड स्टेशनबाहेर चहा पिताना तिने मला काम लावलं. थिसिससाठी मनोविकारांवरच्या औषधांच्या जुन्या पेपर्सची यादी होती. प्रत्येकाला किती साइटेशन्स मिळाली, म्हणजे पुढच्या किती पेपर्सनी त्याचा संदर्भ दिला, ते आणणारी स्क्रिप्ट हवी होती. "सगळे आधी आकडाच बघतात रे," ती म्हणाली.

यादीत मुंबईचं एक नाव होतं, म्हणून चाचणीला तेच घेतलं: डॉ. रुस्तुम जाल वकील. गंमत म्हणजे हे मानसोपचारतज्ज्ञ नव्हतेच. परळच्या केईएममधले हृदयरोगतज्ज्ञ.

१९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये त्यांचा पेपर आला. सहा पानं, उच्च रक्तदाबाचे पन्नास रुग्ण, औषध सर्पगंधेचं मूळ. तेव्हा रक्तदाबावर धड गोळीच नव्हती. मीठ तोडा, पडून राहा, फारच झालं तर ऑपरेशन करून नसा कापा. अशा वेळी एका मुळीने दाब उतरतो, हे मोजून दाखवलेलं होतं.

बॉस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी तो वाचून स्वतःच्या रुग्णांना सर्पगंधा दिली. १९५२ मध्ये बाझेलच्या सीबा कंपनीतल्या रसायनशास्त्रज्ञांनी मुळातून रिसर्पिन वेगळं काढलं. १९५४ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या रॉकलंड स्टेट हॉस्पिटलच्या नेथन क्लाइन यांनी मनोरुग्णांवरचे निष्कर्ष छापले. वॉर्डातला आरडाओरडा कमी झाला हे डॉक्टरांना दिसत होतंच, पण खिडक्यांना काचा बसवणाऱ्या माणसालाही काम कमी झाल्याचं जाणवलं, असा किस्सा सांगतात. १९५७ चा लास्कर पुरस्कार क्लाइन आणि वकील दोघांनाही मिळाला.

इथवर गोष्ट सरळ आहे. पण मैत्रिणीच्या यादीत आणखी मागची एक नोंद होती. कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस, १९३१, 'इंडियन मेडिकल वर्ल्ड'. पेपरचं शीर्षकच सांगतं की सर्पगंधा हे वेड आणि उच्च रक्तदाब, दोन्हींवरचं नवं भारतीय औषध आहे. क्लाइनच्या तेवीस वर्षं आधी! फक्त ते नियतकालिक बाझेल-बॉस्टनच्या टेबलांवर पोचत नव्हतं. मला वाटतं वकिलांची खरी कामगिरी इथे आहे. देशात माहीत असलेली गोष्ट त्यांनी नीट नोंदी ठेवून, जगातले डॉक्टर जिथे वाचत होते तिथे नेऊन ठेवली.

आणि तरीही आकड्यात ते दिसत नाही. आमच्या धंद्यात हे रोज घडतं. आपण एक लायब्ररी घेतो, ती दुसरीवर उभी असते, दुसरी तिसरीवर. ॲप बनवणाऱ्याला तिसरीच्या लेखकाचं नाव कधी बघावंच लागत नाही. इथेही रिसर्पिन हाती आल्यावर मुळीचा संदर्भ कोण देणार? समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी याला नावही दिलंय, त्याचा अर्थ साधारण 'अंगी मुरल्यामुळे पुसलं जाणं'. शिवाय युजीन गारफिल्ड यांचा 'सायन्स सायटेशन इंडेक्स' आला १९६४ मध्ये. तोवर मनोविकारांवर क्लोरप्रोमाझिनने रिसर्पिनला मागे टाकलं होतं, आणि रिसर्पिनमुळे काहींना नैराश्य येतं अशा तक्रारीही छापून आल्या होत्या.

पण औषध मागे पडलं तरी प्रश्न उरला: हे रसायन मेंदूत नेमकं करतं काय? १९५५ मध्ये अमेरिकेत बर्नार्ड ब्रॉडी यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं की त्याने सेरोटोनिनचा साठा रिकामा होतो. तिथे काम करून स्वीडनला परतलेल्या आर्विड कार्लसन यांनी १९५७ मध्ये रिसर्पिनने सुन्न झालेल्या सशांना एल-डोपा टोचलं, आणि ससे उठून हालचाल करू लागले. डोपामिनचं मेंदूतलं काम कळायला तिथून सुरुवात झाली. पार्किन्सनवरचा उपचार त्याच वाटेने आला, आणि २००० साली कार्लसनना नोबेल. कार्लसनपासून संदर्भ धरत मागे गेलं तर वाट रिसर्पिन, बॉस्टन असं करत परळला येते. पण सहसा एवढं मागे कोणी जात नाही.

स्क्रिप्ट चालवली. ती डीओआय क्रमांकावर पेपर शोधत होती. १९३१ च्या ओळीत क्रमांकच नव्हता, त्यामुळे आकड्याच्या रकान्यात शून्य आलं. मैत्रिणीला विचारलं, ही ओळ काढून टाकू का?

"शून्य खोड," ती म्हणाली. "ओळ राहू दे."