बरगीची वाट आणि एक दुरुस्ती



काही वर्षांपूर्वी याच स्मरणिकेत मी आपल्या बरगीच्या नावावर एक छोटा लेख लिहिला होता. नागपूरकर भोसल्यांचे बारगीर या भागात तळ देऊन असत, म्हणून गावाचे नाव बरगी पडले, असे त्यात मी मोठ्या ऐटीत सांगितले होते. लेख पुष्कळांना आवडला. त्या वर्षी मुलांच्या वक्तृत्व स्पर्धेत दोघातिघांनी तो मुद्दा पाठ करून म्हटला आणि टाळ्या घेतल्या. तो मुद्दा चुकीचा होता. चूक कशी कळली ते सांगावे, आणि ज्या वाटेवर कळली ती वाटही तरुण मंडळींना दाखवावी, एवढ्यासाठी हा लेख.

ती वाट सायकलची आहे. मी १९७९ साली धरणाच्या कामावर ड्राफ्ट्समन म्हणून लागलो, तेव्हा सुट्टीच्या दिवशी जबलपूरला घरी जायचे म्हणजे एक तर छोटी लाईन, नाही तर सायकल. छोटी लाईन म्हणजे बंगाल नागपूर रेल्वेने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टाकलेली गोंदिया-जबलपूर नॅरोगेज. हाऊबाग, ग्वारीघाट, मग नर्मदेवरचा पूल, जमतरा, बरगी, आणि पुढे सुकरी, शिकारा, घनसोर करत नैनपूर. डब्याच्या खिडक्यांना बाहेरून दुधाचे कॅन आणि सायकली बांधलेल्या असत. ती गाडी २०१५ मध्ये बंद झाली. आता ब्रॉडगेज आहे. गाडी वेगाने जाते, पण खिडकीतून पळसाची फुले मोजता येत नाहीत.

सायकलने निघायचे तर पहाटे निघावे. तिलवारा घाटाला नर्मदा ओलांडताना थोडे थांबावे. १९३९ चे त्रिपुरी काँग्रेस अधिवेशन याच परिसरात भरले होते. अध्यक्ष सुभाषबाबू आजारी असतानाही आले होते. पूल ओलांडला की आपण जुन्या नागपूर रस्त्यावर लागतो. लखनादौन, छपारा, सिवनी, खवासा, देवलापार, मनसर आणि नागपूर. यात्रेकरू, बंजाऱ्यांचे तांडे, फौजा आणि ठग, सगळे याच दिशेने गेले. १८३० च्या दशकात स्लीमनसाहेबाने ठगांविरुद्धची मोहीम जबलपुरातूनच चालवली. आता हा रस्ता चौपदरी झाला आहे आणि ट्रकांच्या सोबतीने सायकल चालवण्यात सुख नाही. म्हणून महामार्गावर जेवढे जावे लागेल तेवढेच जावे आणि बरगीहून धरणाकडे, किंवा आतल्या खेड्यांकडे जाणारा रस्ता धरावा. तिथे साग, ऐन, मोह, तेंदू आणि आपली शांतता. भाद्रपदात गेलात तर हिरवे रान आणि धरणाच्या एकवीस दरवाजांपैकी काही उघडे. फाल्गुनात गेलात तर सगळीकडे पळस पेटलेला.

माझी सायकल मूळ वडिलांची. ते विदर्भातून इथल्या कारखान्यात नोकरीला आले तेव्हा त्यांनी सरकारी सायकल अ‍ॅडव्हान्स घेऊन ती घेतली. दरमहा पगारातून हप्ता कापला जाई. वडील गमतीने म्हणत, "आपण बारगीर, शिलेदार नव्हे." हा भेद आजच्या मुलांना सांगायला हवा. मराठी फौजेत शिलेदार स्वतःचे घोडे, स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीला येई. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. शिवाजी महाराजांच्या पागेत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे. वडिलांच्या त्या वाक्यामुळे बारगीर हा शब्द मला घरचा वाटे. पुढे नोकरीच बरगीला मिळाली, तेव्हा तर हा योग देवानेच जुळवला अशी माझी खात्री पटली.

कॉलनीत आमच्या शेजारी एक बंगाली सहकारी राहत. बदलीचा कागद मिळाला तेव्हा गावाचे नाव वाचून ते घाबरले होते म्हणे! बंगालमध्ये मुलाला झोपवताना बर्गी येतील अशी भीती घालतात. १७४१ ते १७५१ या दहा वर्षांत रघूजी भोसल्यांच्या फौजांनी बंगालवर ज्या स्वाऱ्या केल्या, त्यांची ती आठवण. आम्ही हसलो. पण रात्री मनात आले, आपल्या पोवाड्यातला वीर तो दुसऱ्याच्या अंगाईतला बागुलबुवा! हे मी त्या लेखात लिहिले नव्हते.

आता मुख्य गोष्ट. निवृत्तीनंतरची, चार-पाच हिवाळ्यांपूर्वीची. सायकलवरून धरणाकडे जाताना एका टपरीवर चहाला थांबलो. दोन-तीन माणसे शेकोटीशी बसली होती. कुठून आलात, कुठे चाललात, असे बोलणे निघाले आणि सवयीने मी बारगिरांची गोष्ट सांगितली. एक म्हातारे गोंड गृहस्थ ऐकत होते. ते शांतपणे म्हणाले, "गाँव तो पानी में गया, साहब. अब नाम भी आप लोगों का हो गया?"

मी विचारले, "बाबा, तुमचे गाव कोणते?" त्यांनी नाव सांगितले. ते नाव मला ओळखीचे होते. बुडीत क्षेत्राच्या नकाशावर, ट्रेसिंगच्या कागदावर, ते मी स्वतः शाईने लिहिले होते. या धरणाने मंडला, सिवनी आणि जबलपूर जिल्ह्यांतली १६२ गावे बाधित झाली. १९९० मध्ये जलाशय भरला. नावे लिहिताना अक्षर सुबक यावे एवढीच माझी काळजी असे. बाबांनी माझ्यावर राग धरला नाही. चहाचे पैसेही मला देऊ दिले नाहीत.

घरी येऊन पुस्तके काढली. स्लीमनने १८३७ साली गढा-मंडलाच्या राजांचा इतिहास लिहिला. सोळाव्या शतकातल्या संग्रामशाहाचे बावन्न गड परंपरेने सांगितले जातात. त्यांच्या यादीत बरगी आहे, घनसोरही आहे. याच संग्रामशाहाची सून राणी दुर्गावती. २४ जून १५६४ रोजी आसफखानाच्या मोगल फौजेशी लढताना, नर्मदा आणि गौर या नद्यांच्या मधल्या नर्रईच्या मुलखात तिने प्राण दिले. बरेल्याजवळ तिची समाधी आहे.

आता मराठ्यांचे पाहा. बाळाजी बाजीराव पेशव्यांची मंडल्यावर स्वारी झाली १७४२ मध्ये. गोंड राज्य बुडवून सागरच्या मराठी सुभ्याने हा मुलूख घेतला तो १७८१ मध्ये. नागपूरकर भोसल्यांकडे तो आला १७९८ च्या सुमारास. सीताबर्डीच्या लढाईनंतर, डिसेंबर १८१७ मध्ये, इंग्रज जबलपुरात शिरले. म्हणजे आपला अंमल सगळा मिळून छत्तीस वर्षांचा. ज्या गडाचे नाव संग्रामशाहाच्या काळचे सांगतात, त्याला या छत्तीस वर्षांतले बारगीर नाव कसे देणार? शिवाय आणखी एक साधी गोष्ट माझ्या ध्यानात यायला हवी होती. मराठी माणूस बारगीर म्हणतो; बर्गी हा उच्चार बंगालचा. भोसल्यांच्या स्वारांनी स्वतःच्या तळाला बंगाली नाव कशाला दिले असते? मग बरगी शब्दाचा मूळ अर्थ काय, असे कोणी विचारेल. तो सांगण्याचा अधिकार इथल्या जुन्या लोकांचा आहे. एकदा अंदाज करून मी फसलो, पुन्हा करत नाही.

मंडळी, आपण इथे आलो तेव्हा आपल्याला कोणी परके म्हटले नाही. आपला गणपती बसला, मुलांच्या शाळा झाल्या, घरे झाली. परक्या मुलखात आपले काही सापडावे असे कोणालाही वाटते, आणि मलाही तेच वाटले होते. पण त्यासाठी दुसऱ्याचे घेण्याची गरज नाही. आपल्या जलाशयाला नाव आहे ते १८५८ मध्ये इंग्रजांशी लढताना देह ठेवणाऱ्या रामगढच्या राणी अवंतीबाईचे. जबलपुरात १८ सप्टेंबर १८५७ रोजी शंकरशाह आणि रघुनाथशाह या गोंड पितापुत्रांना तोफेच्या तोंडी दिले गेले. हा इतिहास आपल्या मुलांना पाठ असेल, तर तोही आपलाच म्हणता येईल. आणि बारगिरांचा सांगायचा असेल तर पोवाडा आणि अंगाई दोन्ही सांगावी.

या वर्षी वक्तृत्व स्पर्धेत ज्यांनी माझा जुना मुद्दा घेतला असेल त्यांनी तो कृपया काढून टाकावा. गुण कापू नयेत अशी परीक्षकांना विनंती. आणि विसर्जनानंतरच्या एका रविवारी ज्यांना यायचे असेल त्यांनी सायकलींना तेलपाणी करून ठेवावे. टपरीवर बाबा असतील तर त्यांच्याकडून त्यांच्या गावाबद्दल ऐकू. नकाशावर मी फक्त नाव लिहिले होते. गावात किती घरे होती, देवठाणे कुठे होते, मोहाची झाडे कोणाची होती, हे त्यांनाच ठाऊक आहे. एकाने वही आणावी.

गणपती बाप्पा मोरया!